वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जठरातून होणारी गळती

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत जठराचा काही भाग कापून कडा स्टेपलच्या टाक्यांनी बंद करतात किंवा जठराचा छोटा कप्पा लहान आतड्याला जोडतात. ही रेषा पूर्ण भरून येण्याआधी एखाद्या ठिकाणी उसवली, की जठरातला द्रव पोटाच्या पोकळीत झिरपू लागतो. याला गळती किंवा लीक म्हणतात. छिद्र बहुतेक वेळा काही मिलिमीटरचेच असते. खरा धोका त्यातून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा असतो, कारण त्यात लाळ, आम्ल, गिळलेले अन्नपाणी आणि जंतू असतात. तोंडाने काहीही न घेणारा माणूसही दिवसाला लिटरभर लाळ गिळत असतो. त्यामुळे नुसता उपास धरून गळती थांबत नाही. अनुभवी केंद्रांत स्लीव्ह या प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण शंभरातल्या एक-दोन रुग्णांना हा त्रास होतो. आधी जठरावर बँड बसवलेला असेल किंवा वजनाचीच दुसरी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर जोखीम वाढते.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. बहुसंख्य गळत्या या नळीच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते तिथे होतात. तिथली भिंत पातळ असते आणि शस्त्रक्रियेत त्या भागाच्या काही रक्तवाहिन्या तोडाव्या लागल्याने रक्तपुरवठाही कमी झालेला असतो. याशिवाय नळीत दाब जास्त असतो. खालच्या टोकाची झडप शाबूत असते आणि मधल्या वळणावर नळी अरुंद झालेली असू शकते, त्यामुळे आतला द्रव पुढे सरकायला जागा कमी पडते. नळीची रुंदी ठरवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावाटे एक मापाची नळी आत घालतात. २०१२ साली सुमारे ४,९०० स्लीव्ह रुग्णांची एकत्रित माहिती तपासली गेली. त्यात ही मापाची नळी ४० फ्रेंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर जाडीची किंवा त्याहून जाड असेल तेव्हा गळतीचे प्रमाण ०.६ टक्के आढळले. त्याहून बारीक नळी वापरलेल्यांत ते २.८ टक्के होते.

बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराचा छोटा कप्पा आणि आतडे यांच्या जोडावर गळती होते. इथे आतला दाब कमी असल्याने ती स्लीव्हच्या मानाने लवकर भरून येते. मात्र बायपासमध्ये आणखी दोन जागा लक्षात ठेवाव्या लागतात: बाजूला ठेवलेले मूळ जठर आणि आतड्याचा खालचा जोड. तिथली गळती तोंडाने औषध पाजून काढलेल्या फोटोत दिसत नाही आणि नेहमीची दुर्बीणही सहसा तिथवर पोहोचत नाही. मिनी-बायपासमध्ये पित्त आणि स्वादुपिंडाचा रस थेट जोडापाशी येतो. त्यामुळे तिथली गळती प्रमाणाने मोठी आणि अधिक दाहक असते.

काळानुसार गळतीचे चार प्रकार केले जातात: पहिल्या आठवड्यातली तीव्र, पहिल्या ते सहाव्या आठवड्यातली लवकरची, सहाव्या ते बाराव्या आठवड्यातली उशिराची आणि बारा आठवड्यांनंतरही राहिलेली जुनाट. रुग्णाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्लीव्हची गळती बऱ्याचदा पाचव्या दिवसानंतर, कधी दुसऱ्या आठवड्यात उघड होते. रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळालेला असतो. म्हणजे गळती सुरू होते तेव्हा तो घरी असतो आणि पहिली शंका घरच्यांनाच घ्यावी लागते. मुंबई, पुणे किंवा नागपूरला शस्त्रक्रिया करून दूरच्या तालुक्यात परतणाऱ्यांनी किमान पहिले दोन आठवडे रुग्णालयापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर मुक्काम करावा. नातेवाइकाकडे राहण्याची सोय होत असेल तर ती आधीच करून ठेवावी.

पहिली खूण बहुतेक वेळा नाडीत दिसते. पोट दुखण्याआधी आणि ताप चढण्याआधी नाडी वाढते. रुग्ण शांत बसलेला असताना ठोके मिनिटाला १०० च्या वर राहत असतील तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाला कळवावे. ते १२० च्या वर गेले आणि तिथेच टिकले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर इथे उपयोगी पडते. डिस्चार्जनंतर दोन आठवडे सकाळ-दुपार-संध्याकाळ नाडी आणि ताप वहीत लिहून ठेवावा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर गळती असूनही नाडी फारशी वाढत नाही. पॅरासिटामॉल नियमित घेतल्यास ताप लपतो. अशा रुग्णांत बाकीच्या लक्षणांना जास्त महत्त्व द्यावे.

पोट कडक होणे, हात लावताच दुखणे ही पोटातल्या जंतुसंसर्गाची नेहमीची लक्षणे मानली जातात. जाड पोटाच्या रुग्णात ती पुष्कळदा दिसतच नाहीत. पोट मऊ लागले म्हणून आत सगळे ठीक आहे असा निष्कर्ष काढणे ही सर्वांत घातक चूक आहे. त्याऐवजी धाप, १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप, न थांबणारी उचकी, लघवी कमी होणे, पाणीही नकोसे वाटणे आणि काही तरी फार बिघडले आहे अशी अस्वस्थता यांकडे लक्ष द्यावे. ही अस्वस्थता घरचे अनेकदा भीती म्हणून बाजूला सारतात. तसे करू नये. डाव्या खांद्यातल्या दुखण्याबाबत मात्र भेद करावा लागतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे पहिले दोन-तीन दिवस खांदे दुखतातच, आणि ते दुखणे रोज उतरत जाते. पाचव्या-सहाव्या दिवशी नव्याने सुरू झालेले किंवा वाढत जाणारे डाव्या खांद्याचे दुखणे वेगळे समजावे. स्लीव्हच्या वरच्या टोकाची गळती डाव्या बाजूच्या श्वासपटलाखाली साचते, आणि श्वासपटलाला झालेली जळजळ खांद्यात जाणवते. उचकी लागण्याचे आणि डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साचण्याचे कारणही तेच.

वेगवान नाडी आणि धाप फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्यानेही होते. पाणी कमी पडल्यानेही नाडी वाढते, पण सलाईन दिल्यावर ती खाली यायला हवी. यातले काय घडले आहे हे घरी ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही नाही, कारण प्रत्येक शक्यतेत रुग्णाला तातडीने रुग्णालयातच न्यावे लागते. निघण्यापूर्वी तोंडाने काही देऊ नये. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि चालू औषधांची यादी सोबत घ्यावी.

जवळच्या दवाखान्यात आधी जावे लागले तर तीन गोष्टी तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगाव्यात. वजनाची शस्त्रक्रिया अमुक तारखेला झाली, हे पहिले वाक्य असावे. नाही तर ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन रुग्णाला घरी पाठवले जाण्याचा धोका असतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावीत. आणि नाकातून जठरात जाणारी नळी नुसत्या अंदाजाने घालू नये, कारण ताज्या टाक्यांवर तिचे टोक टेकून छिद्र पडू शकते. त्यांनी शिरेतून सलाईन सुरू करावे, प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यावा आणि मूळ शल्यचिकित्सकाशी फोनवर बोलून रुग्णाला पुढे पाठवावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठी बोलावता येते.

रुग्णालयात रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सीआरपी आणि लॅक्टेट तपासतात. सीआरपी शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांचाच वाढतो. तिसऱ्या दिवसानंतर तो उतरायला लागतो. उतरण्याऐवजी चढत असेल तर संशय बळावतो. मुख्य तपासणी सीटी स्कॅनची असते. शिरेतून आणि तोंडाने असे दोन्हीकडून रंगद्रव्य देऊन स्कॅन काढतात. तोंडाने द्यायचे द्रव्य पाण्यात विरघळणारे असते. बेरियम वापरत नाहीत, कारण ते पोटात सांडले तर तिथेच चिकटून राहते. स्कॅनमध्ये द्रव बाहेर झिरपताना दिसेलच असे नाही. जठराच्या बाहेर हवेचे बुडबुडे किंवा साचलेले पाणी एवढाच पुरावा कधी मिळतो. स्कॅन स्वच्छ आला, पण नाडी १२० वर टिकून आहे आणि रुग्ण खालावतो आहे, अशा वेळी स्कॅनवर विसंबून थांबू नये. दुर्बीण घालून पोट आतून पाहावे. अशी तपासणी करून काही सापडले नाही तर नुकसान थोडे होते, पण गळती हातून निसटली तर जिवावर बेतते. फार जास्त वजनाच्या रुग्णांसाठी आणखी एक व्यवहारी मुद्दा असतो: प्रत्येक सीटी यंत्राच्या टेबलाला वजनाची मर्यादा असते. आपल्या रुग्णालयातले यंत्र रुग्णाचे वजन पेलते का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून ठेवावे.

उपचारांचा क्रम समजून घेतला तर पुढचे आठवडे सोसणे सोपे जाते. छिद्र बंद करणे हे पहिले काम नसते. आधी जंतुसंसर्ग आवरावा लागतो, साचलेली घाण बाहेर काढावी लागते, पोषणाचा मार्ग उघडावा लागतो आणि जठरातला दाब कमी करावा लागतो. एवढे झाले की बहुतेक छिद्रे हळूहळू आपोआप आकसतात. ‘भोक आहे तर सरळ शिवून का टाकत नाहीत,’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत गळती सापडली आणि कडा निरोगी असल्या तर टाके घालून पाहता येते. त्यानंतर आजूबाजूचा भाग सुजलेला आणि ठिसूळ होतो. टाका घातला तर तो उती कापत बाहेर येतो आणि भोक मोठे होते.

रुग्णाचा रक्तदाब घसरत असेल किंवा जंतुसंसर्ग पोटभर पसरला असेल तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. तीत पोट धुऊन काढतात आणि गळतीच्या जागेजवळ ड्रेन, म्हणजे द्रव बाहेर काढणारी नळी, ठेवतात. बहुतेक वेळा लहान आतड्यात आहारासाठी एक नळीही त्याच वेळी बसवतात. ही नळी त्याच वेळी बसवून घेणे पुढे फार सोयीचे ठरते. रुग्ण स्थिर असेल आणि घाण एकाच ठिकाणी साचलेली असेल, तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने बाहेरून सुई घालून नळी ठेवता येते. दोन्ही परिस्थितींत शिरेतून प्रतिजैविके, आम्ल कमी करणारे औषध आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शने चालू असतात.

यापुढचे बरेचसे काम दुर्बिणीतून होते. सगळ्यात परिचित उपाय म्हणजे आवरण असलेला धातूचा स्टेंट. तो अन्ननलिकेतून जठरात बसवला की छिद्र झाकले जाते आणि लाळ, अन्न आतूनच खाली जाते. तो साधारण चार ते आठ आठवडे ठेवतात. फार दिवस राहिला तर भोवतालची उती त्याच्या जाळीत वाढते आणि काढणे अवघड होते. छातीत दाब, मळमळ आणि जळजळ बहुतेकांना होते. स्टेंट जागेवरून सरकण्याचा प्रकारही वरचेवर घडतो. अचानक वाढलेल्या उलट्या, नवी पोटदुखी किंवा ड्रेनमधून पुन्हा वाहू लागलेले पाणी यांतून तो कळतो. दुसरा उपाय आहे दोन्ही टोकांना वळवलेल्या छोट्या प्लास्टिक नळ्यांचा. नळीचे एक टोक छिद्रातून बाहेरच्या पू साचलेल्या पोकळीत आणि दुसरे जठरात राहते. त्यामुळे घाण उलट दिशेने जठरात येऊन निचरा होते. या नळ्या दर चार-सहा आठवड्यांनी पाहून बदलतात आणि पूर्ण उपचाराला काही महिने लागू शकतात. पण रुग्णाला त्रास कमी होतो आणि तोंडाने खाणे लवकर सुरू करता येते. पोकळी मोठी असेल तर आत स्पंज ठेवून यंत्राने हवा ओढण्याचा मार्ग निवडतात. तो स्पंज तीन ते पाच दिवसांनी बदलावा लागतो, म्हणजे दर वेळी दुर्बीण आणि भूल. छिद्रावर क्लिप बसवण्याचा उपाय ऐकायला सोपा वाटतो, पण सुजलेल्या कडा तिला धरून ठेवत नाहीत. छोटे आणि स्वच्छ छिद्र असेल तरच तिचा उपयोग होतो.

स्लीव्हच्या मधल्या वळणावर नळी अरुंद झालेली असेल तर वरचे छिद्र काही केल्या भरत नाही. शेताच्या पाटात पुढे गाळ साचला की पाणी मागे तुंबून कच्च्या बांधातूनच फुटते. वर कितीही माती लिंपली तरी पुढचा गाळ काढल्याशिवाय ते थांबत नाही. म्हणून अरुंद जागा फुग्याने रुंद करणे हा उपचाराचाच भाग मानावा. आठवडे उलटूनही गळती तशीच असेल, तर खाली अडथळा आहे का हे तपासले का, असा प्रश्न नातेवाइकांनी जरूर विचारावा.

पोषणाकडे होणारे दुर्लक्ष हे गळती न भरण्याचे मोठे कारण आहे. वजन उतरवायचेच होते, मग चार आठवडे कमी खाल्ले तर काय बिघडले, असा समज घरात असतो. तो पूर्ण चुकीचा आहे. जंतुसंसर्गात शरीर चरबीपेक्षा स्नायू आधी खर्ची घालते, आणि जखम भरायला लागणारी प्रथिने त्यातूनच कमी होतात. १३० किलोचा माणूसही या आजारात कुपोषित होऊ शकतो. आदर्श वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. शिरेतून पोषण देता येते, पण आतडे चालू असेल तर नाकातून लहान आतड्यापर्यंत नेलेली किंवा पोटावरून आतड्यात बसवलेली नळी जास्त चांगली. ही नळी गळतीच्या पलीकडे उघडत असल्याने आहार छिद्रापर्यंत पोहोचत नाही.

नळीतून आहार घरी द्यायचा असेल तर तो आहारतज्ज्ञाने ठरवलेल्या पावडरीचा आणि उकळून गार केलेल्या पाण्यातला असावा. लहान आतड्यात एकदम मोठा घोट सोडला तर पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. म्हणून तो थेंबाथेंबाने, तासांवर विभागून द्यावा. आहारापूर्वी आणि नंतर सिरिंजने थोडे पाणी सोडून नळी धुवावी. गोळ्या कुटून नळीत घातल्या की नळी तुंबते, आणि नाकातून आतड्यात नेलेली नळी पुन्हा बसवायला दुर्बीण लागते. औषधे पातळ स्वरूपात मागून घ्यावीत.

थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, याची इथे स्वतंत्र नोंद हवी. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. बरेच दिवस उपाशी असलेल्या किंवा सतत उलट्या करणाऱ्या रुग्णाला नुसते ग्लुकोजचे सलाईन दिले तर उरलेले थायमिनही खर्च होते आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे आहेत. ग्लुकोजच्या आधी किंवा त्यासोबत थायमिनचे इंजेक्शन द्यावे, एवढ्याने हे टळते. उपासानंतर आहार सुरू करताना रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही तपासत राहावे, कारण आहार वेगाने वाढवल्यास ते धोकादायक रीतीने घसरू शकतात.

ड्रेनसह घरी आलेल्या रुग्णाने रोज ठरलेल्या वेळी पिशवीतला द्रव मोजावा आणि रंग लिहून ठेवावा. पिवळसर, पातळ आणि रोज कमी होणारा द्रव चांगला. हिरवा रंग पित्ताचा. दाट आणि दुर्गंधी असेल तर पू. प्यायलेले ताक किंवा पाणी तसेच पिशवीत आले तर गळती चालू आहे. द्रव एकदम थांबला आणि त्याच दिवशी ताप आला, तर गळती भरली असे समजू नये. नळी तुंबली असण्याचीच शक्यता जास्त. नळीभोवतीची कातडी लाल होत असेल तर झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. द्रव जास्त असल्यास स्टोमाची चिकट पिशवी लावल्याने कातडी वाचते. ड्रेन हलू नये म्हणून तो पोटाला चिकटपट्टीने दुसऱ्या ठिकाणीही बांधावा.

तोंडाने सुरुवात डॉक्टरांच्या परवानगीनेच करावी; घरच्यांनी दयेपोटी दिलेला एक चमचा वरणही ताज्या गळतीत महागात पडतो. परवानगी मिळाल्यावर आधी पाणी आणि शहाळे, मग गाळलेले मुगाचे कढण, पातळ ताक, प्रथिनांची पावडर घातलेले दूध, त्यानंतर नाचणीची पातळ पेज असे पुढे जावे. घोट छोटे असावेत आणि बसूनच घ्यावेत. सोडा आणि गॅसची पेये या काळात वर्ज्य. तंबाखू पूर्ण सोडावी, आणि यात मिश्री, गुटखा, जर्दा सगळे आले. धूर नसला तरी निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि जखमेचा रक्तपुरवठा तोडते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी. दिवसभर झोपून राहू नये. ड्रेन हातात धरून का होईना, खोलीत चालावे, कारण गुठळीचा धोका या काळात मोठा असतो.

उपचार लांबले की खर्च आणि धीर दोन्ही संपत जातात. आरोग्य विम्यात मूळ शस्त्रक्रियेसोबत तिच्या गुंतागुंतीही येतात का, किती रकमेपर्यंत येतात, हे शस्त्रक्रियेआधी लेखी विचारून घ्यावे. गळतीच्या उपचारात पुन्हा पुन्हा भरती व्हावे लागते, हे गृहीत धरूनच पैशांची सोय करावी. घरातल्या एकाच माणसावर सगळा भार टाकू नये; ड्रेनची वही, नळीचा आहार आणि रुग्णालयाच्या खेपा वाटून घ्याव्यात. आपण उगीच ही शस्त्रक्रिया करून घेतली, ही खंत जवळजवळ प्रत्येक रुग्णाला सतावते. झोप उडाली, खाण्याचा विचारही नकोसा झाला तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. तीही उपचाराइतकीच गरजेची आहे.

बारा आठवड्यांनंतरही उरलेल्या जुनाट गळतीत छिद्रापासून कातडीपर्यंत किंवा दुसऱ्या अवयवापर्यंत वाट तयार झालेली असते. ती डाव्या फुप्फुसाच्या श्वासनलिकेत उघडली, तर पाणी पिताच खोकला येतो, वारंवार न्यूमोनिया होतो आणि बेडक्यातून अन्नाचे कण पडतात. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू झालेला असा खोकला छातीच्या डॉक्टरकडे दाखवतानाही जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख करावा. दुर्बिणीचे उपाय थकल्यावर मोठी शस्त्रक्रिया करतात, पण ती शक्यतो तीन महिने थांबून, संसर्ग निवल्यावर आणि रुग्णाचे पोषण सुधारल्यावर. आतड्याचा एक फाटा वर आणून थेट छिद्राला जोडणे हा एक मार्ग आहे. ते जमण्याजोगे नसेल तर उरलेले जठर काढून अन्ननलिका आतड्याला जोडतात. अशी शस्त्रक्रिया तिचा नियमित अनुभव असलेल्या केंद्रातच करून घ्यावी.

गळती भरल्याचे स्कॅन किंवा दुर्बिणीत दिसल्यावर स्टेंट आणि नळ्या काढतात; त्यानंतरचे दोन-तीन आठवडे पुन्हा नाडी आणि ताप लिहून ठेवावा, कारण काही छिद्रे परत उघडतात. पुढे गिळताना अन्न अडकू लागले तर भरलेली जागा आकसली असण्याची शक्यता असते आणि फुग्याने ती रुंद करता येते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि प्रथिने तपासावीत. ज्यांचे संपूर्ण जठर काढावे लागले, त्यांना बी-१२ ची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात.